डावऱ्या हाताचे तट्टे

मॅलकी टूहीच्या अंगणात डिंफना हायन्स आपणहून पाऊल टाकेल, असं कुणी पैज लावून सांगितलं असतं तरी क्लूनगारा गावातले लोक हसले असते. छप्पन्न वर्षं दोघं एकाच रस्त्याला राहत होती. रविवारी चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसत, कुणाच्या मयतीला गाठ पडली तर नुसती मान हलवून पुढे होत. भांडण असं नव्हतं. बोलणं नव्हतं, एवढंच.

पण फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती आली. मॅलकी गोठ्यापाशी लाकूड कापत होता. फाटकाचा आवाज झाला तसं कुत्रं भुंकत धावलं.

"चावतं का रे हे?" तिने फाटकातूनच विचारलं.

"अनोळख्यांना चावतं. तुला ओळखतं का ते त्यालाच विचार."

"एकाहत्तर वर्षांचा झालास, पण जिभेचं टोक काही बोथट झालं नाही."

"टोकाला काम मिळालं तर बोथट होणार ना! बोल, कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. किल्ल्याचं काम आहे."

किल्ला म्हणजे गावातल्या हेशन शेतकऱ्याच्या कुरणातला पडका मनोरा. बाहेरगावच्या कुणाला तो ठाऊक नव्हता. रस्त्यावर पाटी नाही, नकाशात नीट नाव नाही. पाचशे वर्षांपूर्वी कुण्या सरदाराने बांधलेला चार मजली चौकोनी दगडी मनोरा. वरचे मजले केव्हाच ढासळून आभाळाला उघडे पडले होते, भिंतींवर आयव्हीचे वेल माजले होते. धड उरलं होतं ते फक्त तळमजल्याचं कमानी छत. पावसात हेशनच्या गायी त्याच्याखाली उभ्या राहत. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या छताचा एक कोपरा कोसळला आणि एक कालवड थोडक्यात वाचली. तेव्हापासून गावाच्या समितीने पुरातत्त्व खात्याकडे खेटे घातले आणि शेवटी परवानगी आली. अट एकच: छत जसं बांधलं होतं तसंच दुरुस्त करायचं.

जसं बांधलं होतं तसं म्हणजे कसं, हे छतावरच लिहिलेलं होतं. जुने गवंडी आधी कमानीच्या आकाराचा लाकडी साचा उभा करत. साच्यावर हेझलच्या झुडपाच्या लवचीक फोकांचे विणलेले तट्टे पसरत. तट्ट्यावर चुन्याचा जाड थर, त्यात उभे दगड ठोकून बसवलेले. चुना आवळला की साचा काढायचा आणि तट्टे ओढून घ्यायचे. तट्टे गेले, पण त्यांची वीण चुन्यात उमटून राहिली. खाली उभं राहून वर पाहिलं की टोपलीच्या पोटात शिरल्यासारखं वाटे.

"मग त्यात माझं काय काम?" मॅलकी म्हणाला. "टोपल्या विणणारी तू. बार्टलीची लेक."

बार्टली हायन्स हे नाव त्याने छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं असावं.

डिंफनाने कोटाच्या खिशातून वही काढली. जुन्या छताखाली उभं राहून, बॅटरी मारून तिने वीण जशीच्या तशी काढून आणली होती. तिने वही लाकडाच्या ओंडक्यावर पसरली.

"हे उभे फोक. त्यांचे बुडखे इकडे, खाली. म्हणजे विणायला इथून सुरुवात केली. आता आडवे फोक बघ. जाड बुडखा कुठल्या बाजूला आहे?"

मॅलकीने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उजवीकडे," तो म्हणाला.

"आणि शेंडे डावीकडे. प्रत्येक ओळीत. बुडखा उजवीकडे लावायचा आणि विणत विणत डावीकडे जायचं. असं कोण विणतं रे?"

मॅलकीने वहीतल्या एका ओळीवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं.

"डावरा होता तो, मॅलकी. आपल्या किल्ल्याचं छत डावऱ्याने विणलंय."

असं विणणारा सबंध परगण्यात एकच माणूस होता, आणि तो हातात करवत धरून उभा होता.

मॅलकी पंधरा वर्षांचा असताना बार्टलीकडे काम शिकायला गेला होता. शाळेत मास्तरांनी त्याचा डावा हात बाकाला बांधून ठेवला होता, तरी बोटांची चाल काही बदलली नाही. बार्टलीकडे त्याने तीन आठवड्यांत गाढवावर टाकायचा हारा विणला. घट्ट, सरळ, खोट काढायला जागा नाही असा. पण हारे जोडीने लागतात. गाढवाच्या एका कुशीला एक, दुसऱ्या कुशीला दुसरा, त्यात जळणासाठी दलदलीतून कापलेली पीटची ढेकळं भरायची. बार्टलीने त्याचा हारा आपल्या हाऱ्याशेजारी ठेवला. एकाची वीण या अंगाला झुकलेली, दुसऱ्याची त्या अंगाला.

"ही जोडी घालून गाढव कालव्यात जाईल," बार्टली म्हणाला होता. "घरी जा पोरा. डावऱ्याचं हे काम नाही."

दारात तेरा वर्षांची डिंफना उभी होती. ती खो-खो हसली होती.

मॅलकी पुढे कालवे खणायच्या कामावर लागला आणि त्यातूनच निवृत्त झाला. विणणं त्याने सोडलं नाही, पण विकलंही नाही. कोंबड्यांची खुराडी, बटाट्याच्या पाट्या, सगळं घरच्यापुरतं. कुणी मागितलं तर म्हणे, "माझ्या विणीला जोड मिळत नाही."

"तू उजव्या हाताने उलटं विणून बघ की," तो आता म्हणाला.

"बघितलं. तीन दिवस." तिने अंगठे पुढे केले. दोन्ही सोलवटले होते. "उलट्या बाजूने हात चालतो, पण ओढ सारखी येत नाही. तट्टा ढिला पडतो. चुना ओतला की पोट काढेल."

"आणि नाहीच जमलं तर?"

"चुन्याचं काम ऑगस्टपर्यंतच होतं. पुढे थंडी लागली की चुना फुटतो. यंदा झालं नाही तर खातं लोखंडी खांब लावून दाराला जाळी ठोकणार. मग आत गायही नाही, माणूसही नाही."

मॅलकीने करवत भिंतीला टेकवली. त्याला जाळीची फिकीर नव्हती, हे त्याचं त्यालाही कळत होतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: पाचशे वर्षांपूर्वी एका डावऱ्याला कुणी घरी पाठवलं नव्हतं. सरदाराच्या घराचं छत त्याच्या हाती दिलं होतं.

"फोक लगेच तोडायला हवेत," तो म्हणाला. "पालवी फुटली की साल सुटते. चहा घेणार का?"

दुपारी तो एकटा जाऊन छत पाहून आला. मान मागे टाकून, बॅटरी धरून. बुडखे उजवीकडे होते. वहीत होतं तसंच.

मार्च-एप्रिल दोन्ही महिने तो बार्टलीच्या जुन्या, आता डिंफनाच्या शेडमध्ये विणत बसला. उभे फोक फळीच्या भोकांत रोवायचे, मग एकेक आडवा फोक बुडख्याकडून धरून उजवीकडून डावीकडे, एकाच्या पुढून, एकाच्या मागून. कापलेली टोकं सगळी तट्ट्याच्या पाठीमागे, म्हणजे पुढची बाजू साफ राहते. डिंफना फोक निवडून देई, जाडीप्रमाणे जुड्या लावी. पहिल्या आठवड्यात दोघं कामापुरतंच बोलत. दुसऱ्या आठवड्यात ती घरी केलेली आंबटगोड वडी घेऊन आली.

"ही वडी दगडासारखी झालीय," मॅलकी म्हणाला.

"छताला दगड कमी पडले तर वापरू."

येणारे-जाणारे डोकावत. हेशन तर रोज येई, कारण कुरण त्याचं, म्हणजे किल्लाही त्याचाच असा त्याचा हिशेब.

"काय रे कितोग," तो म्हणे. कितोग म्हणजे तिकडच्या बोलीत डावरा. शाळेत मॅलकीला सगळे हेच म्हणत. "छत तुझ्या हातचं झालं की माझ्या गायी डाव्या कुशीवरच झोपायच्या."

"तुझ्या गायींना अक्कल आहे, हेशन. त्या झोपतील. तू मात्र उजव्याच कुशीवर घोरत राहा."

पूर्वी हाच शब्द ऐकला की मॅलकी आठवडाभर घरातून बाहेर पडत नसे. आता तो विणता विणता हसे. छताविषयी कुणी विचारलं की डिंफना सांगे, "मूळ विणणारा डावराच होता, म्हणून यालाच बोलावलं." ती हे सांगू लागली की मॅलकी मान खाली घालून फोक आवळण्यात गढून जाई, पण कान तिकडेच असत. एप्रिल अखेर चार तट्टे भिंतीला टेकून उभे राहिले. गावाबाहेरून आलेला फिंटन गवंडी त्यांवर चढून नाचला तरी एक फोक हलला नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फिंटनने कोसळलेल्या कोपऱ्याखाली लाकडी साचा उभा केला. मापासाठी पहिला तट्टा वर चढवला आणि जुन्या छताच्या तुटक्या कडेला भिडवला.

"मॅलकी, खालून बघा बरं बसलाय का!" तो वरून ओरडला.

मॅलकी साच्याखालच्या फळ्यांवर चढला. जागा इतकी बुटकी होती की उताणं झोपण्याशिवाय इलाज नव्हता. तो झोपला. नाकापासून हातभर अंतरावर छत होतं. उजव्या बाजूला पाचशे वर्षांपूर्वीची वीण, डाव्या बाजूला साच्याच्या फटींतून दिसणारा त्याचा तट्टा.

जुन्या विणीत बुडखे उजवीकडे होते.

त्याच्या तट्ट्यात बुडखे डावीकडे होते.

त्याने डोळे मिटले, उघडले. तट्टा चुकून फिरवून ठेवला असेल म्हणून उभे फोक पाहिले. त्यांचे बुडखे बरोबर खालीच होते. मग त्याच्या लक्षात आलं. आपण तट्टा विणतो तेव्हा त्याच्याकडे समोरून पाहतो. इथे तो डोक्यावर आहे, त्याची पुढची बाजू वर चुन्याकडे, आणि आपण त्याला मागून पाहतोय. मागून पाहिलं की डावीकडचं उजवीकडे जातं. डिंफनाने वीण काढली ती खालून वर पाहून, म्हणजे मागून. आणि वाचली मात्र ओंडक्यावर वही पसरून, समोरून पाहिल्यासारखी. आयुष्यभर जे काम मांडीवर घेऊन केलं ते डोक्यावर धरून कधी पाहिलंच नव्हतं, तिनेही नाही, त्यानेही नाही. त्याला तर तो माणूस डावराच हवा होता.

पाचशे वर्षांपूर्वीचा तो माणूस उजवा होता. जगातल्या इतर सगळ्यांसारखा.

"बसला का?" वरून फिंटन.

"थांब जरा."

"काय झालं? पाठ धरली?"

"पाठ धरली," मॅलकी म्हणाला आणि तसाच पडून राहिला.

कुणाच्या लक्षात येणार होतं? वर्षाकाठी वीस माणसं तिथे येत, आणि त्यातली निम्मी पाऊस टाळायला. फिंटनला वीण म्हणजे वीण. उद्या चुना पडला की संपलं. गप्प बसलं की तो मूळच्या डावऱ्याचा वारस राहणार, आणि बोललं की पुन्हा कुठल्याही कामाचा नसलेला कितोग. पण साचा निघेल त्या दिवशी जुनी आणि नवी वीण शेजारी शेजारी दिसतील, आणि त्यांच्याखाली डिंफना उभी असेल. तिला विणीतलं कळतं. कदाचित तिला दिसेल, कदाचित नाही. मात्र त्याला रोज दिसणार होतं.

तो घसरत खाली उतरला. डिंफना दारापाशी दगडावर बसून पावाला लोणी लावत होती.

"डिंफना, आपण चुकलो."

"माप कमी पडलं?"

"माप नाही. तो डावरा नव्हता."

तिच्या हातातली सुरी थांबली. मॅलकीने आपला डावा पंजा तिच्या तोंडासमोर हवेत धरला, मधे काच असावी तसा. "माझा अंगठा तुला कुठल्या बाजूला दिसतो?"

"डावीकडे."

"आणि मला उजवीकडे. हात एकच. तू छत पाहिलंस ते काचेच्या पलीकडून."

ती उठली, एकोणसत्तराव्या वर्षी शिडी चढली आणि फळ्यांवर उताणी झाली. आत फळ्या करकरल्या. मग सणसणीत शिवी ऐकू आली, जी बार्टली वापरत असे. फिंटनने वरून डोकं काढलं.

"या वयात असं बोलतात का?"

"तू गप रे. चुना मळ." ती खाली आली. केसांत भुसा, डोळे लाल. "मग उलटाच घालू ना तट्टा. पालथा केला की झालं."

"टोकं सगळी पाठीमागे आहेत. पालथा केला की ती वर येऊन चुन्यात रुततील, मग तट्टा सुटून निघायचा नाही. मुळाशी छाटली तर वीण उसवेल."

"मग?"

"मग तू नवे विण. तुझा हात उजवा आहे, बरोबर बसेल. तुझ्या शेडमध्ये टोपल्यांसाठी ठेवलेले फोक पुरतील. जुलैपर्यंत होईल." तो हे सगळं एका दमात म्हणाला आणि टोपी शोधू लागला.

"बस खाली."

"मला घरी काम आहे."

"तुला काडीचं काम नाही. बस." तो बसला. तिने लोणी लावलेला पाव त्याच्या हातात दिला. "तुला हे कुणाला सांगायची गरज नव्हती."

"नव्हती."

"मी त्या दिवशी हसले होते," डिंफना म्हणाली. "बाबा बरोबर म्हणाले म्हणून नव्हे. गाढव कालव्यात जाताना डोळ्यांपुढे आलं म्हणून. तू गेल्यावर त्यांनी तो हारा घरातच ठेवला. मी कितीतरी वर्षं त्यात लोकर ठेवत होते. तुला सांगायचं राहिलं."

"छप्पन्न वर्षं राहिलं?"

"एक वर्ष राहिलं की पुढची पंचावन्न आपोआप राहतात."

मॅलकीने पाव खाल्ला. फिंटन वर शिट्टी वाजवत होता.

गुरुवारी खात्याची बाई आली, आयलीश नावाची. तिशीतली, पायात गुडघ्यापर्यंत बूट. डिंफनाने तिला सगळं उलगडून सांगितलं, चूक आपली म्हणून सांगितली. आयलीश फळ्यांवर उताणी झाली, बॅटरी मारून पाहिलं, फोटो काढले.

"ताकदीला काही फरक?" तिने आतूनच विचारलं.

"शून्य," फिंटन म्हणाला. "असला घट्ट तट्टा मी पाहिला नाही."

"म्हणजे प्रश्न फक्त दिसण्याचा." ती बाहेर आली, गुडघे झटकले. "तुम्हाला माहीत नसेल, पण खात्याचा नियम असा आहे की नवं काम जुन्यात मिसळून जावं, पण शोधणाऱ्याला ओळखूही यावं. कुणी उद्या नव्यालाच जुनं समजू नये. म्हणून मी जोडावर स्लेट दगडाची बारीक रेघ घालायला सांगणार होते."

डिंफनाने मॅलकीकडे पाहिलं. मॅलकी जमिनीकडे पाहत होता.

"रेघ कशाला?" डिंफना म्हणाली. "जुनं उजव्याचं, नवं डावऱ्याचं. ज्याला कळतं त्याला तिथेच कळेल. ज्याला कळत नाही त्याला रेघ तरी काय सांगणार?"

आयलीशने पेन्सिल दाताखाली धरली आणि मॅलकीकडे वळली. "ते तुमचं काम आहे. तसंच ठेवलं तर चालेल का तुम्हाला? अहवालात लिहावं लागेल, विणणाऱ्याच्या नावासकट. आणि मूळ विणणारा डावरा होता असं नाही लिहिता येणार."

"नाही लिहायचं," मॅलकी म्हणाला. "नव्हताच तो. ठेवा तसंच."

चुना जूनच्या कोरड्या आठवड्यात पडला. फिंटन आणि त्याची दोन माणसं दगड उभे ठोकत गेली, डिंफना चुन्यावर ओली पोती टाकत राहिली. सात आठवडे साचा तसाच ठेवला. ऑगस्टमध्ये पाचर काढून साचा खाली उतरवला आणि मॅलकीने स्वतः तट्टे ओढले. तीन सुटून आले. चौथा एका ठिकाणी अडला, एक फोक मोडून चुन्यातच राहिला.

"काढू का उकरून?" फिंटनने विचारलं.

"राहू दे," डिंफना म्हणाली.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर बरेच लोक कुरणात आले. हेशन नव्या कोटात होता. तो छताखाली मान वर करून गोल फिरला, दोनदा फिरला.

"ए कितोग, जुनं कुठे संपलं आणि तुझं कुठून सुरू झालं? मला तर सगळं एकच दिसतंय."

"उभ्याने नाही दिसत," मॅलकी म्हणाला. "उताणा झोप. मग सांगतो."

"इथे? गायींनी घाण करून ठेवलीय."

"तुझ्याच गायी ना?"

हेशनने इकडेतिकडे पाहिलं. मग कोट काढून डिंफनाच्या हातात दिला आणि कण्हत कण्हत जमिनीवर आडवा झाला. मॅलकी त्याच्या शेजारी उकिडवा बसला, डावा हात वर केला आणि अगदी पहिल्या ओळीपासून सांगायला लागला.